गुन्हे आणि तातडीचे फोन कोणत्या वेळी जास्त? खान्देशातला अनुभव

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून बदली होऊन तुम्ही जळगावात आलात, महामार्गापलीकडच्या नव्या कॉलनीत घर भाड्याने घेतलं. तुम्ही शाळेत, मिस्टरांची एमआयडीसीत पाळीची नोकरी, घरी सासूबाई. चोऱ्या आणि तातडीचे फोन दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त असतात आणि तुम्ही नेमकं कधी जपायचं?

मी एकतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, सगळी खान्देशात. सुरुवातीला गस्त आणि बंदोबस्त, मग ठाणे अंमलदार, आणि शेवटची अकरा वर्षं जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात, कानाला फोन लावून. त्यामुळे उत्तर अनुभवातून देतो आणि जरा लांबेल.

नुसते फोन मोजले तर संध्याकाळी सहा ते रात्री अकरा ही सगळ्यात गर्दीची वेळ. या पाच तासांत नियंत्रण कक्षात चहाचा कप गार होतो. सगळ्यात कमी फोन पहाटे तीन ते पाच. पण पहाटेचा फोन क्वचितच खोटा निघतो. दुपारी पोरं गंमत म्हणून नंबर फिरवतात, संध्याकाळी पार्किंगवरून भांडणारे फोन करतात. पहाटे साडेतीनला माणूस फोन करतो तेव्हा त्याला खरंच दुसरं कोणी उरलेलं नसतं. नव्या पोरांना मी हेच सांगायचो की पहाटेची रिंग दुसऱ्यांदा वाजू देऊ नका.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फोन येतो ती वेळ आणि घटना घडते ती वेळ, या दोन वेगळ्या वेळा आहेत. घरफोडीची कोणतीही फिर्याद वाचा. त्यात लिहिलेलं असतं, ‘दि. १० रोजी २२.०० ते दि. ११ रोजी ०५.३० वा. चे दरम्यान’. हे ‘दरम्यान’ फार बोलकं आहे. चोर आत किती वाजता शिरला हे कोणालाच माहीत नसतं. माहीत असतं ते एवढंच, की घराला शेवटचं कोणी पाहिलं आणि पुन्हा पहिल्यांदा कोणी पाहिलं. लग्नाला चार दिवस गावी गेलेल्या कुटुंबाच्या फिर्यादीत हा ‘दरम्यान’ चार दिवसांचा असतो. म्हणून ‘घरफोड्या किती वाजता होतात’ याचं कोणी फार नेटकं उत्तर दिलं तर जरा सबुरीने ऐका. सकाळी सहा ते नऊ घरफोडीचे फोन खूप येतात, ते चोर सकाळी येतात म्हणून नव्हे. लोक सकाळी उठतात म्हणून.

कायद्यानेही दिवस-रात्र वेगळी केली आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली ती रात्रीची घरफोडी. आमच्या पिढीच्या तोंडी अजून जुन्या भारतीय दंड संहितेतली ‘चारशे चोपन्न’ आणि ‘चारशे सत्तावन्न’ हीच कलमं आहेत, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दोन्ही कलम ३३१ मध्ये गेली. घर फोडून चोरीच करायची असेल तर दिवसाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, रात्रीला चौदा वर्षांपर्यंत. सूर्याचा हिशोब असल्यामुळे संध्याकाळी साडेसहाची घरफोडी जूनमध्ये दिवसाची ठरते, कारण आपल्याकडे तेव्हा सूर्य सातनंतर मावळतो. आणि डिसेंबरात तीच रात्रीची, कारण सहाच्या आत अंधारतं.

तुमच्यासारख्या कॉलनीत माझ्या मते जास्त जपायची वेळ सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच. लोकांना रात्रीची भीती वाटते, म्हणून रात्री ते कड्या लावतात, दिवा चालू ठेवतात, कुत्रा पाळतात. दुपारी मात्र अख्खी गल्ली ओस. नवरा-बायको दोघं नोकरीला, पोरं शाळेत, आणि राहिलेली माणसं कूलर लावून दारं बंद करून झोपलेली. कूलरच्या घरघरीत शेजारचा कोयंडा तुटला तरी ऐकू येत नाही. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा असं एक घर पाहिलं होतं. बाहेर लटकणारं कुलूप चांगलं जाड पितळी, महागाचं. ते जसंच्या तसं होतं, किल्लीचं भोकसुद्धा खरचटलेलं नाही. कोयंडा मात्र चौकटीतून उपटला होता. लाकडात दोन छोटे स्क्रू, तेही अर्ध्या इंचाचे. एक टॉमी घातली, एक हिसका दिला, संपलं. आत लोखंडी कपाटाचं दार वाकवलेलं, देवघराशेजारचा डबा पालथा, आणि गॅसवर दुधाचं पातेलं तसंच झाकलेलं. बाई सव्वाबाराला मुलाला शाळेतून आणायला गेल्या आणि वाटेत भाजी घेऊन एक वाजता परत आल्या. पाऊण तास. त्या घराला ‘दरम्यान’ फार छोटा मिळाला, म्हणून तपासाला उपयोग झाला. गल्लीच्या टोकाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तेवढाच तुकडा बघायचा होता.

तेव्हा कुलपापेक्षा कोयंड्यावर पैसे खर्च करा. दाराच्या आतून बसणारं इंटरलॉक सगळ्यात बरं, कारण घर बंद आहे की कोणी आत आहे हे बाहेरून कळत नाही. हे चोर आधी बेल वाजवतात. दार उघडलंच तर ‘पाटील साहेबांचं घर हेच का’ असं विचारून पुढे जातात. सासूबाईंना सांगून ठेवा, असा कोणी चुकीचा पत्ता विचारून गेला तर शेजारी लगेच सांगायचं, आणि गाडीचा नंबर दिसला तर भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवायचा. मी हे अनेकांना सांगितलं आहे आणि भिंतीवरचा असा नंबर कामाला आलेला मी पाहिला आहे.

रात्रीच्या घरफोडीचा आपल्याकडचा खरा हंगाम एप्रिल-मे. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात आणि माणसं गादी, पाण्याचा माठ घेऊन गच्चीवर जातात. खाली घर एक तर उघडं, नाहीतर जिन्याच्या दाराला नुसती कडी. दीड ते साडेतीनच्या सुमारास गच्चीवर जरा वारा सुटतो आणि गाढ झोप लागते. चोराला हे तुमच्याइतकंच ठाऊक असतं. तो खालून शिरतो, जिन्याच्या दाराला बाहेरून कडी घालतो, म्हणजे तुम्ही जागे झालात तरी वरच अडकता. त्यामुळे गच्चीवर झोपायचं तर खालचं पुढचं-मागचं दार आतून बंद, जिन्याच्या दाराला वरच्या बाजूने कुलूप, आणि मोबाईल उशाशी. मोबाईल खाली चार्जिंगला लावून वर झोपणारे लोक मी किती पाहिले याची गणती नाही.

मंगळसूत्र ओढून नेण्याचे प्रकार घड्याळ लावल्यासारखे दोन वेळांत होतात: पहाटे साडेपाच ते साडेसात, आणि संध्याकाळी सात ते नऊ. पहाटे फिरायला जाणाऱ्या, सडा घालणाऱ्या, काकडआरतीला निघालेल्या बायका. संध्याकाळी जेवणानंतर शतपावली करणाऱ्या. रस्ता अर्धवट उजेडातला, वाहनं इतपत की मोटारसायकलचा आवाज खटकत नाही, आणि माणसं इतकी कमी की पाठलाग करणारं कोणी नाही. सासूबाई सकाळी फिरायला जात असतील तर सोन्याची पोत घरी ठेवून जाऊ द्या. ‘सवाष्णीने गळा मोकळा ठेवू नये’ असं त्या म्हणतील. काळ्या मण्यांची साधी पोत घाला म्हणावं.

आता संध्याकाळकडे येतो, कारण खरी गर्दी तिथे आहे. सहा ते नऊ ही अपघातांची वेळ. हे फक्त आपल्याकडचं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांतही देशातल्या अपघातांपैकी साधारण पाचवा हिस्सा याच तीन तासांत मोडतो. आपल्याकडे त्याला कारणंही दिसतात. शेतातून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली, मागे ना दिवा ना लाल पट्टी. कापसाचे दिवस असतील तर ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना कापूस इतका फुगलेला की मागच्याला अंदाज येत नाही. बाजारच्या दिवशी एका मोटारसायकलवर तिघं. आणि संधिप्रकाश, ज्यात हेडलाईट लावला तरी उपयोग नाही आणि नाही लावला तरी दिसत नाही. मिस्टर संध्याकाळच्या पाळीला जात असतील तर महामार्गावर हा तासभर त्यांनी सावकाश काढावा.

आठ ते अकरा घरातली भांडणं. या फोनबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. दारू, हातात आलेली मजुरी, स्वयंपाकाला झालेला उशीर, आणि मग हात उचलणं. पगाराच्या आणि बाजाराच्या दिवशी हे वाढतं. बाई फोन करते तेव्हा बऱ्याचदा न्हाणीघरातून, नळ सोडून, दबक्या आवाजात बोलते. दहा मिनिटांनी पुन्हा फोन येतो, ‘काही नाही साहेब, मिटलं, गाडी पाठवू नका.’ तो आवाज तिचाच असतो, पण शेजारी कोणीतरी उभं असतं. असा फोन आला तरी मी गाडी परत बोलावत नसे. जाऊन, दारात उभं राहून, बाईला समोर बघून या, असं सांगायचो. शेजारणीकडून असा आवाज ऐकू आला तर तुम्ही फोन करा. ‘घरातला मामला’ म्हणून गप्प राहिलेल्या गल्लीत मी नंतर आकस्मिक मृत्यूच्या नोंदी केल्या आहेत.

रात्री अकरानंतर शहर शांत होतं आणि शेत जागं होतं. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी टॉर्च घेऊन केळीत, कपाशीत पाणी भरायला जातो. ओल्या पायाने स्टार्टरला हात, त्यातून शॉक. पाणबुडी मोटारीची केबल कापून तांबं नेणारेही रात्रीच येतात, वीज नसलेल्या तासांत, कारण तेव्हा तार मेलेली असते. सौर वाहिनीमुळे दिवसा वीज मिळू लागलेल्या गावांत रात्री शेतात जाण्याची वेळच कमी येते. त्याने किती जीव वाचतील हे कुठल्या नोंदीत दिसणार नाही, पण वाचतील.

आणि साप. पावसाळ्यातला, पारोळ्याकडचा एक फोन मला अजून आठवतो. पाच वाजायला दहा मिनिटं कमी. बारा-तेरा वर्षांचा पोरगा. ‘दादा, मनी माय डोया उघाडत नई शे.’ मी विचारलं, ताप आहे का, पडली का. नाही. दोन वाजता पोट दुखतंय म्हणाली, ओवा-मीठ दिलं, मग झोपली. आता हाक मारली तर पापण्या उचलत नाहीत आणि थुंकी गिळता येत नाही. मी विचारलं, खाटेवर झोपली होती की खाली? खाली. मी त्याला दुसरं काही विचारलं नाही. मण्यार असा चावतो. तो रात्री फिरतो, उंदरामागे घरात येतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचे दात बारीक, जखम दिसत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही. माणूस पोटदुखीने उठतो आणि घरचे अपचन समजतात. मग पापण्या जड होतात, गिळणं बंद होतं, शेवटी श्वास. मी एकीकडे १०८ ला जोडलं, दुसरीकडे गावच्या पोलीस पाटलाला उठवून जीप काढायला लावली आणि वाटेतच अँब्युलन्स गाठायला सांगितलं. बाई प्रतिविषावर आणि श्वासाच्या मशिनवर चार दिवस राहिल्या आणि वाचल्या. दोन वाजताच कोणी फोन केला असता तर मशिनची गरज कदाचित पडली नसती. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या कोणाला रात्री अचानक पोटदुखी आणि पापण्यांवर झापड असं दिसलं तर साप दिसण्याची वाट बघू नका. दोरी आवळू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. घोणस मात्र संध्याकाळी आणि रात्री पायवाटेवर, बांधावर चावतो, भयंकर दुखतं आणि सूज येते. तिथे निदान चूक होत नाही.

आजारपणाचं घड्याळ वेगळं. हृदयविकाराचा झटका पहाटेपासून दुपारी बारापर्यंत जास्त येतो, हे डॉक्टरही सांगतात आणि आमचा अनुभवही तोच. उठल्यावर रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे कल असतो. छातीत जळजळ म्हणून सकाळी सोडा पिऊन बसणारे फार. दमा रात्रीच्या शेवटच्या प्रहरात उसळतो. बाळंतकळांचे फोन मध्यरात्रीनंतर. सासूबाईंना रक्तदाब असेल तर सकाळचे सहा ते दहा घरात कोणीतरी जागं असावं. १०८ ची सेवा आपल्याकडे २०१४ पासून आहे. नंबर पाठ करून घ्या त्यांच्याकडून.

महामार्गावर पहाटे दोन ते पाच गाड्या कमी, पण होतो तो अपघात वाईट होतो, कारण तो ब्रेक न मारता झालेला असतो. चालकाचे डोळे मिटलेले असतात. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे रात्रभर ट्रक थांबत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेली गाडी मध्यरात्री उलटली आणि वर बसलेले मजूर त्याखाली गेले. मालावर बसून रात्री घरी परतणारी ती माणसं रावेरकडची होती. असे मजूर आजही तसेच परततात, हे मला सलतं. आणि तरीही ४ जुलै २०२३ चा धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरचा अपघात भर सकाळी, पावणेअकराच्या सुमारास झाला. उतारावर ब्रेक गेले, कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात शिरला, दहाहून अधिक जण गेले. यंत्राला वेळ नसते.

भुसावळमार्गे रेल्वेने जाणार असाल तर पहाटे दोन ते चार बॅग पायाला बांधून झोपा. जंक्शनवर गाडी थांबली की आत-बाहेर गर्दी होते, आणि जाग येईपर्यंत गाडी पुढे निघालेली असते. फोन १३९ वर करायचा, पुढच्या स्थानकाची वाट न बघता.

फसवणुकीचे फोन साधारण अकरा ते पाच, बँकेच्या वेळेत. तेव्हाच ‘बँकेतून बोलतोय’ खरं वाटतं. पैसे गेले तर १९३० वर त्याच मिनिटाला. उन्हाचे बळी दुपारी दोन ते पाच. ऊन लागलेला माणूस बरळू लागला तर पाणी पाजत बसू नका, अंग भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

सातपुड्यातलं, धडगाव-अक्कलकुव्याकडचं गणित निराळं. तिथे कितीला घडलं याला फारसा अर्थ नसतो. पाड्यावरून फोनला रेंज मिळेपर्यंत कोणीतरी टेकडी चढतं, मग झोळीतून पेशंट रस्त्यापर्यंत येतो. रात्री नऊची घटना आमच्याकडे उजाडल्यावर पोचायची. नोंदीत मात्र सकाळचे सात.

फोन कसा करावा हेही सांगतो, कारण २०२१ पासून पद्धत बदलली. पूर्वी १०० फिरवला की थेट जिल्ह्यातल्या माणसाकडे लागायचा. ‘मारुतीच्या पाराजवळ’ म्हटलं तरी त्याला कळायचं. आता ११२ चा फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो आणि तिथून जवळच्या गाडीतल्या यंत्रावर निरोप येतो. म्हणून पहिल्या वाक्यात जिल्हा, तालुका, गाव किंवा कॉलनी, आणि कोणालाही सापडेल अशी खूण. कॉलनीच्या नावाची तीन गावांत तीन ठिकाणं असतात. काय झालं ते त्यानंतर. आणि फोन चालू ठेवा. गाडीवाला पुन्हा फोन करतो आणि तेव्हाच लोक नेमके नातेवाइकांशी बोलत असतात.

तुमच्या घरापुरतं बोलायचं तर मिस्टरांची रात्रपाळी ही तुमची काळजीची वेळ आहे असं तुम्ही लिहिलंत. मला ती तितकी वाटत नाही. तुम्ही दोघी घरात असता, दार आतून बंद असतं. मला काळजी वाटते ती त्यांच्या रात्रपाळीनंतरच्या सकाळची. सहाला ते झोपेने जड होऊन महामार्गावरून गाडी चालवत येतात, सासूबाई तेव्हाच फिरायला निघतात, तुम्ही साडेदहाला शाळेत जाता, आणि ते आत कूलर लावून असे झोपतात की घर बाहेरून रिकामंच वाटतं. त्यांना कंपनीच्या बसने यायला सांगा, नाहीतर निघण्याआधी वीस मिनिटं डोळे मिटून घ्यायला. सासूबाईंच्या फिरण्याची वेळ तासभर पुढे ढकला, उजाडल्यावर. आणि घरमालकाशी बोलून या रविवारी कोयंड्याचे स्क्रू तेवढे बदलून घ्या.